मंडईला जाताना खिशात काय ठेवावं

भंडाऱ्याकडे जायचं ठरलं तेव्हा मी आधी साड्या काढल्या नाहीत की स्वेटर काढले नाहीत. आधी काढल्या त्या पट्ट्या. माझी सगळी नोकरी सांगलीच्या एका शाळेत पी.टी.ची बाई म्हणून गेली. फुटलेले गुडघे, मुरगळलेले घोटे, कबड्डीत सोलवटलेली कोपरं हा माझा रोजचा धंदा होता. रक्त बघून लोकांना चक्कर येते, मला राग येतो. बघून पळायला काय होतं, असं वाटतं.

या वेळच्या पट्ट्या मात्र पोरांसाठी नव्हत्या, माझ्या नवऱ्यासाठी होत्या. अनंतरावांच्या हृदयाची झडप गेल्या वर्षी बदलली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली, ती आता जन्माची सोबतीण. दाढी करताना जरासं ब्लेड लागलं तरी अख्खा टॉवेल लाल होतो. माणूस एरवी ठणठणीत आहे, पण वर्षभर मी त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा एकटं पाठवलेलं नव्हतं. पुण्याला राहणारी आमची केतकी तर माझ्यापेक्षा चार पावलं पुढं. प्रवासाचं नाव काढल्यावर ती म्हणाली, जा, पण बाबांच्या अंगावर एक ओरखडा उठला तरी हा तुमचा शेवटचा प्रवास. अनंतरावांनी वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखी मान हलवली.

म्हणजे एका आमंत्रणावर बरंच काही टांगलेलं होतं. अनंतरावांची पहिली सरकारी नोकरी साकोलीला होती आणि राहायला ते एकोडी गावात, लीलाधर नावाच्या शेतकरी मित्राच्या घरी होते. दर दिवाळीनंतर लीलाधरभाऊंचा फोन यायचा, मंडईला या जी, म्हणून. हा प्रवास धड पार पडला तर पुढचे होणार होते. नाहीतर आमच्या गॅलरीतून दिसतो तेवढाच मुलूख त्यांच्या वाट्याला उरणार होता, आणि भटकण्यात हयात घालवलेल्या माणसाला ते कसं सोसलं असतं, हे मला माहीत होतं. ते स्वतः काही बोलले नाहीत. त्यांना बोलायची सवयच नाही, ते खातं माझ्याकडे आहे.

लाखनी

रेल्वेचं आणि नागपूरच्या बसस्टँडचं वर्णन मी करत बसत नाही. सगळे स्टँड सारखेच. लाखनीला आम्ही उतरलो ते अनंतराव लंगडतच. केतकीने प्रवासासाठी म्हणून घेऊन दिलेल्या नव्या बुटांनी टाच खाल्ली होती. महामार्गाच्या कडेला एक चहाचं दुकान होतं, त्याच्या बाकड्यावर त्यांना बसवलं आणि मी लाल पिशवी उघडली.

ही लाल पिशवीसुद्धा केतकीचीच. तिने ऑनलाइन मागवलेली, पहिलीतल्या पोराच्या दप्तराएवढी, वर पांढरी फुली. तिच्यात जगातल्या सगळ्या संकटांची सोय होती. हाड मोडलं तर फळी, बर्फात अडकलं तर अंगावर घ्यायचा चांदीसारखा कागद, भाजल्याचं मलम, डोळे धुवायची बाटली, गुडघ्याचा पट्टा, शिट्टी. नव्हतं ते एवढंच, की हवी ती वस्तू हाताला लागेल अशी जागा. एका साध्या चिकटपट्टीसाठी मी ते सगळं सामान बाकड्यावर मांडलं. शेजारून ट्रक धडधडत जात होते, चांदीचा कागद उडून पोह्यांच्या पातेल्यापर्यंत गेला, आणि चहा पीत उभे असलेले दोन ड्रायव्हर जवळ आले. एकाने मला अदबीने विचारलं, माताजी, घुटने का पट्टा कैसे दिया? मी म्हटलं, बाबा रे, हे दुकान नाही. त्याचा विश्वास बसला नाही. दुसऱ्याला डोळ्यांचं औषध हवं होतं. अनंतराव टाच हातात धरून इतके हसले की मलाही हसू फुटलं.

पोहे आले. इकडे पोह्यांवर चण्याची झणझणीत तर्री ओततात. आमच्याकडे वर खोबरं आणि कोथिंबीर पेरतात, त्यापुढे हे पोहे म्हणजे एकदम पैलवान. खाता खाता मी बाकड्यावरच्या त्या पसाऱ्याकडे बघत राहिले. माझ्या लक्षात आलं की ही पिशवी कुणा एका माणसासाठी भरलेलीच नाही, ती भीतीसाठी भरली आहे. शाळेत मी असं कधी केलं नव्हतं. खो-खोच्या सामन्याला वेगळं सामान असायचं आणि सहलीला वेगळं. मग तिथंच, त्या ट्रकांच्या धुरळ्यात, एकेक वस्तू उचलून मी स्वतःला विचारत गेले: हे या माणसाला, या आठवड्यात लागणार आहे का?

बर्फ पडणार नव्हता. चांदीचा कागद गेला. फळी गेली. भाजल्याचं मलम मी दुकानदाराला दिलं, कारण त्याच्या हातावर तेल उडाल्याचे डाग होते. गुडघ्याचा पट्टा अखेर त्या ड्रायव्हरलाच दिला, फुकट, तरी तो भाव विचारतच होता. अनंतरावांचा प्रश्न एकच होता, रक्त. म्हणून गॉजच्या घड्या भरपूर ठेवल्या. दाबून बांधायला एक क्रेप बँडेज. चिकटवायला कागदाची पट्टी, कारण साधी पट्टी ओढून काढताना आता त्यांची कातडीच सोलली जाते. गोल टोकाची छोटी कात्री. मीठ-साखरेच्या पाण्याची पुडी. दुखण्यावरची, त्यांच्या डॉक्टरांनी चालेल म्हटलेली तेवढीच एक गोळी, कारण बाकीच्या कितीतरी गोळ्या या रक्ताच्या औषधाशी भांडतात. आणि एक कार्ड: नाव, चालू औषध, डॉक्टरांचा फोन. हे सगळं एका कापडी थैलीत मावलं. थैली मी गळ्यात अडकवली आणि पदराखाली घेतली. मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं.

एकोडी

लीलाधरभाऊ आम्हाला न्यायला ऑटो घेऊन आले. उंच, सुकट अंगाचे, डोक्यावर पांढरी टोपी. अनंतरावांना बघून ते पुढे आले आणि त्यांचा हात हातात घेऊन एवढंच म्हणाले, "का जी अनंतभाऊ, मी तं रोज वाट पाहून राहिलो होतो." दोघांचे डोळे भरले. मी उगीच सामान मोजल्यासारखं केलं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान पिकलेलं. आमच्या बाजूला ऊस बघायची सवय, उंच, दाट, आत शिरलेलं माणूस दिसत नाही. इथं बांध्याच बांध्या, म्हणजे चारी बाजूंनी मातीचे बांध घातलेले धानाचे चौकोन, आणि नजर थेट तळ्यापर्यंत जाते. काही बांध्यांत कापणी झाली होती, पेंढ्या आडव्या पडल्या होत्या. हवेत ओल्या गवताचा वास होता. अनंतराव ऑटोतून अर्धे बाहेर झुकून लीलाधरभाऊंना विचारत होते, ती बोडी, म्हणजे शेतातलं छोटं तळं, अजून आहे का, ते मोहाचं झाड आहे का. मी त्यांचा शर्ट मागून धरून ठेवला होता.

दारात पाय ठेवला तर लीलाधरभाऊंच्या मंडळींनी, पंचफुलाबाईंनी, आधी पाय धुवायला तांब्याभर पाणी दिलं, मग पाया पडल्या आणि मग बोलल्या. आमच्याकडे आम्ही दारातच चहा की कॉफी विचारून मोकळे होतो. इथं पाहुणा म्हणजे काम आहे, मोठं आणि आवडीचं. पंचफुलाबाई गोलमटोल, हसऱ्या आणि बोलण्यात मला भारी. इकडच्या बायका 'मी येतो', 'मी करतो' असंच बोलतात. पहिल्या दिवशी मला गंमत वाटली, दुसऱ्या दिवशी मीही 'मी वाढतो' म्हणाले आणि अनंतराव ताटावरून दचकून वर बघायला लागले.

जेवायला आयते होते, म्हणजे तांदळाच्या पिठाची मऊ, जाळीदार धिरडी, आणि बरोबर वाळलेल्या झिंग्यांची चटणी. मी भाकरीवर वाढलेली बाई, मला वाटलं होतं तांदळाने माझं पोट भरणार नाही. किती खाल्ले ते विचारू नका.

जेवताना लीलाधरभाऊंनी आंबागडाचा विषय काढला. तरुणपणी हे दोघं सायकलवर तुमसरच्या बाजूला जाऊन तो किल्ला चढून आले होते. आता मोटरसायकल आहे, सकाळी निघालं की संध्याकाळी परत, असं ते म्हणाले. अनंतरावांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी चढायला ना म्हटलेलं नव्हतं, ना म्हणत होते ती मी. जंगल, दगड, काटे, आणि दवाखाना कुठे तर खाली कुठेतरी. मी म्हटलं, गडबिड काही नाही, मंडई बघू आणि घरी जाऊ. ते हो म्हणाले. इतक्या पटकन हो म्हणाले की मला बरं वाटायच्या ऐवजी वाईट वाटलं.

मंडईचा दिवस

मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळीनंतर इकडची गावं आपापला दिवस ठरवून जत्रा भरवतात. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरी पाहुणे. सासुरवाशिणी येतात, सोयरे येतात, कुणाच्या मुलामुलीची स्थळंही त्या गर्दीतच बघून होतात. मैदानात दंडारीचं नाटक, ढोलकी, उसाचे भारे, जिलेबी, बांगड्या आणि पानाची दुकानं रांगेने. आमच्याकडच्या जत्रेत देव मध्ये असतो आणि माणसं भोवती. इथं मध्येसुद्धा पाहुणाच असावा, असं मला वाटलं.

दुपारी पंचफुलाबाईंनी मला बांगड्या भरायला नेलं. अनंतराव घरी अंगणात, पाहुण्यांत बसले होते. मी निश्चिंत होते. अंगणात बसून काय होणार?

अंगणात शिंगाडे आले होते. तळ्यातून काढून उकडलेले, टोपलीभर, अजून वाफाळलेले. शिंगाड्याचं साल जाड आणि दोन्ही बाजूंना टोकदार शिंगं, ती आधी छाटावी लागतात. आमच्याकडच्या विळीला इथं पावशी म्हणतात. लीलाधरभाऊ पावशीवर शिंगाडे सोलून पाहुण्यांना देत होते. ते पाणी प्यायला उठले आणि आमचे अनंतराव त्यांच्या जागी बसले. तरुणपणी याच अंगणात सोलायचो, म्हणे. पहिला शिंगाडा सोलला, दुसरा सोलला, तिसरा हातातून निसटला आणि पावशी उजव्या अंगठ्याच्या खाली उतरली.

कुणीतरी धावत बांगड्यांच्या दुकानाशी आलं आणि म्हणालं, बाई, चला, पाव्हण्याले लागलं. मैदान ते घर ही वाट मी कशी पार केली ते आठवत नाही. फक्त एवढं आठवतं की थैली माझ्या गळ्यात होती, रक्त त्यांच्या हातातून वाहत होतं आणि मध्ये अख्खी मंडई होती.

पोचले तोवर जखमेत मूठभर हळद भरलेली होती आणि हळदीतून रक्त येत होतं. अनंतरावांचा चेहरा पांढरा पडला होता. मी गॉजची जाड घडी घातली, तळव्याने घट्ट दाबली आणि हात उंच धरला. आता काही वेळ कुणी हलायचं नाही, असं सांगितलं. वरची घडी भिजली तर ती काढायची नसते, तिच्यावर दुसरी ठेवायची असते. मी ठेवली. आतून घाबरले होते, पण हात ओळखीचं काम करत होते. हळूहळू रक्त थांबल्यासारखं झालं. मी त्यांना सांगितलं, दुसऱ्या हाताने असंच दाबून धरा, उघडून बघू नका, मी हात धुऊन येते.

मी सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, हात धुवायला गेले. परत आले तर घडी मांडीवर आणि हातातून पुन्हा धार. मी पुन्हा दाबलं, पुन्हा थांबवलं आणि क्रेप काढायला म्हणून बाजूला उतरवून ठेवलेल्या थैलीकडे वळले, तर मागे परत तेच. या वेळी काय घडतंय ते मी डोळ्यांनी बघितलं.

झालं होतं असं. मंडईच्या दिवशी घरात कुणाला लागलं, दुखलं, तर येणाऱ्या पाहुण्याने जवळ बसून ते बघायचं असतं. न बघता पुढे गेला तर तो गर्विष्ठ ठरतो. आणि लागलेल्याने दाखवायचं असतं. नाही दाखवलं तर आलेल्याचा मान गेला. त्यात लीलाधरभाऊंना आपल्या घरात पाहुण्याचं रक्त सांडलं याची इतकी शरम वाटत होती, की दारातून येणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्याला ते स्वतः हाताला धरून अनंतरावांपुढे आणत होते. तो माणूस खाली बसून मायेने म्हणायचा, पाहू द्या जी, केवढं लागलं? आणि आमचे सभ्य गृहस्थ, जन्मात कुणाला नाही न म्हणालेले, घडी उचलून दाखवायचे. प्रत्येक दर्शनाला जखमेचं तोंड नव्याने उघडत होतं. दाराबाहेर आणखी पाहुणे चपला काढत होते.

मग माझा तोल गेला. मी शाळेच्या मैदानावरचा आवाज काढला, कित्येक वर्षांत न काढलेला, आणि ओरडले, "सावधान!"

अंगण चिडीचूप झालं. लीलाधरभाऊंचे एक म्हातारे काका तर खरोखरच टाचा जुळवून उभे राहिले. मी म्हटलं, ही जखम आता कुणी बघायची नाही. यांचं रक्त औषधामुळे पातळ आहे, ते थांबायला वेळ लागतो, आणि दर वेळी उघडलं की सगळं पहिल्यापासून. मला रडू येत होतं आणि ते मला दिसू द्यायचं नव्हतं, म्हणून आवाज आणखीच चढला.

लीलाधरभाऊ माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले. ते म्हणाले, "वयनी, माह्या घरी पाव्हण्याले लागलं. आता लोकायले पाहूबी नाई देलं, तं मी तोंड कसं दाखवू जी?"

माणूस माझ्यावर चिडला असता तर मी दोन शब्द जास्तच ऐकवले असते, पण तो खरंच व्याकूळ झाला होता. तेवढ्यात मंडईच्या गर्दीत मागे अडकलेल्या पंचफुलाबाई धापा टाकत पोचल्या. त्यांनी सगळं बघितलं, पदर खोचला, अनंतरावांच्या शेजारी चटईवर ठिय्या मारला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पाहाचं कायले जी? मी सांगतो ना. आयकतीन सारे."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. मी क्रेप बँडेज काढून सगळी मूठच गुंडाळून टाकली, कोबीच्या गड्ड्याएवढी, म्हणजे उघडायची कुणाची छाती होऊ नये. इकडे येणारा प्रत्येक पाहुणा बसत होता आणि पंचफुलाबाई त्याला शिंगाडा कसा निसटला इथपासून सुरुवात करून सगळी हकीकत ऐकवत होत्या. पाहुणा च्-च् करत होता, मान डोलावत होता, अनंतरावांच्या खांद्यावर हात ठेवत होता आणि समाधानाने उठत होता. त्याचा मान राहिला, लीलाधरभाऊंचं तोंड राहिलं आणि घडी जागेवर राहिली. हकीकत मात्र वाढत गेली. संध्याकाळपर्यंत पावशीची जवळजवळ तलवार झाली होती, आणि मी मैदानातून अशी उडत आले होते की दंडारीतल्या नटांनी बोलायचं थांबवून मला वाट दिली.

दिवे लागले तेव्हा वरची घडी कोरडी होती. अनंतराव हळूच म्हणाले, केतकीला नको सांगायला. मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही.

साकोली

सकाळी आम्ही साकोलीला एका डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी होती, आमच्या केतकीपेक्षाही लहान असेल. तिने पट्टी सोडली, हळद धुऊन काढली, रक्त तपासायला दिलं. टाके लागले नाहीत. तपासणीचा आकडा जिथं हवा तिथंच होता. ती म्हणाली, दाबून छान धरलं होतं. माझी मान जरा ताठ झाली. मी तिला थैली दाखवली, त्यात काय ठेवलं, काय काढलं, लाखनीला कसं ठरवलं, सगळं सांगितलं. तिने एकेक वस्तू काढून बघितली आणि चांगली निवड आहे म्हणाली.

मग तिने विचारलं, "ही थैली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे," मी म्हटलं. "गळ्यात."

"आणि गोळी कोण घेतं?"

ती हे काही खोचकपणे म्हणाली नाही. ती पट्टी बांधता बांधता, खाली बघूनच बोलली. पण मला काल दुपारची ती वाट आठवली, बांगड्यांच्या दुकानापासून अंगणापर्यंतची. लाखनीच्या बाकड्यावर मी सगळं बरोबर निवडलं होतं, फक्त ते कुणाच्या अंगावर असावं हे चुकलं होतं. शेजारी बसलेल्या अनंतरावांकडे बघितलं, तर ते माझ्याकडेच बघत होते. वर्षभर मी त्यांना विचारलंच नव्हतं, की मी नसताना रक्त आलं तर तुम्ही काय कराल. त्यांना येत नाही असं धरूनच चालले होते.

बाहेर औषधाच्या दुकानातून मी आणखी गॉज घेतलं. दुकानाच्या पायरीवर बसून आम्ही दोघांनी मिळून ती थैली आणखी लहान केली. त्यांच्या शर्टाच्या खिशात मावेल एवढी. दोन जाड घड्या, एक पट्टी गुंडाळी करून, कागदी चिकटपट्टी पेन्सिलीच्या तुकड्याला गुंडाळलेली, कार्ड. कात्री मी काढली, त्यांनी परत आत घातली. एका हाताने पट्टी फाडता येत नाही, म्हणाले, आणि खरंच होतं ते. मग त्यांनी डाव्या हाताने घडी उघडून, दातात धरून, उजव्या मनगटावर दाबून दाखवली. पहिल्यांदा पडली. दुसऱ्यांदा जमली. येणारी-जाणारी माणसं बघत होती. मला शाळेत पहिल्यांदा दोरीवर चढणाऱ्या पोरांची आठवण झाली आणि मी जीभ चावून गप्प बसले, कारण तेव्हाही खालून ओरडलं की पोरं पडायची.

मग ते म्हणाले, केतकीला मी सांगतो. फोन घेऊन ते झाडाखाली गेले. बराच वेळ बोलत होते, मला ऐकू येत नव्हतं. परत आले ते एकदम हलके होऊन आले.

"सगळं सांगितलं. आणि परवा आंबागडाला जाणार हेही सांगितलं."

"काय म्हणाली?"

"नको म्हणाली."

"मग?"

"मग मी म्हटलं, मी जाणार आहे."

लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने घरात कुणालाही असं उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. मी परत आत जाऊन डॉक्टर मुलीला विचारून आले. हृदयाच्या डॉक्टरांची ना नसेल तर तिचीही नव्हती. या लागलेल्या हाताने धरून नका चढू म्हणजे झालं, म्हणाली.

आंबागड

आंबागडाबद्दल मला तुम्हाला काही सांगता येणार नाही, कारण मी गेले नाही. प्रवासवर्णनात असं लिहायचं नसतं, पण या सगळ्या प्रवासातली माझी सगळ्यांत मोठी कामगिरी तीच आहे.

सकाळी धुकं होतं. लीलाधरभाऊंनी मोटरसायकल काढली, मागे अनंतराव बसले. अंगात स्वेटर, त्याखाली शर्ट, शर्टाच्या खिशात थैली. ती आहे का, हे मी विचारलं नाही. ओठांवर आलं होतं. त्यांनी स्वतःच छातीवर हात ठेवून चाचपलं आणि मान हलवली. धुक्यात मागचा दिवा दिसेनासा झाला तरी मी उभीच होते. पंचफुलाबाईंनी विचारलं, भेव नाई लागत का ताई? मी म्हटलं, लागतं ना, फार लागतं. त्या म्हणाल्या, मंग चला, धान वाळू घालू.

आम्ही अंगणात धान पसरलं. पायाने सारखं करत फिरायचं असतं, दाणे तळव्यांना टोचतात आणि ऊन लागून गरम होतात. थोड्या वेळाने पंचफुलाबाईंनी माझ्या केसांना तेल लावलं. दुपारी मी भिंतीला टेकून झोपले. झोपले म्हणजे खरंच झोपले, फोन हातात न घेता. गेल्या वर्षभरात दुपारची झोप मला लागली नव्हती. झोपले तरी कान त्यांच्या खोलीकडे असायचे.

केतकीच्या फोनने जाग आली. बाबांना दे म्हणाली. मी म्हटलं, ते गडावर आहेत. तिने विचारलं, आणि तू? मी म्हटलं, मी इथं एकोडीला, अंगणात. मी मनात उत्तरं जुळवायला लागले, खिशातल्या थैलीचं सांगू, डॉक्टरांचं सांगू, रक्ताच्या तपासणीचं सांगू.

"आई," ती म्हणाली, "तू कशी आहेस?"

साधा प्रश्न. पण गेलं वर्षभर आमच्या घरात फोन वाजला की बाबा कसे आहेत एवढंच विचारलं जात होतं. तिच्याकडून, शेजाऱ्यांकडून, माझ्या बहिणीकडूनसुद्धा. मलाही त्यात काही खटकलं नव्हतं. मी तिला बरी आहे म्हणाले आणि मग मला हुंदका आला. तीही रडली. मग मी तिला आयत्यांचं सांगितलं, तेलाचं सांगितलं, मी 'मी वाढतो' म्हणायला लागले तेही सांगितलं. कितीतरी वेळ आम्ही बोललो आणि अनंतरावांचं नावसुद्धा निघालं नाही.

दिवस कलला, तळ्यावरून बगळे परतले आणि मोटरसायकलचा आवाज आला. दोघेही धुळीने माखले होते आणि दोघेही एकाच वेळी बोलत होते. वरून जंगल कसं दिसतं, पायऱ्या कुठं ढासळल्या आहेत, तटावर बसून पंचफुलाबाईंनी दिलेला डबा कसा खाल्ला. अनंतरावांचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. मी दारातच त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, ती सवय काय एका दिवसात जाते? पायाला काही नव्हतं. तोंडाला काही नव्हतं. डाव्या हातावर मात्र कोपराखाली एक नवी पट्टी होती. करवंदीचा काटा ओढला, ते म्हणाले, रक्त आलं, बसलो, दाबलं, थांबलं, लावली पट्टी. आणि लगेच पुन्हा तटाबद्दल बोलायला लागले.

पट्टी वाकडी लावली होती. एक टोक सुटून वर आलं होतं, घडी एका बाजूला सरकली होती. शाळेत असती तर मी ती काढून पुन्हा लावायला सांगितली असती. माझे हात शिवशिवले. मी तांब्या भरून आणला, पाय धुवायला त्यांच्यापुढे ठेवला, पट्टी तशीच वाकडी राहू दिली आणि विचारलं, तटावरून तळं दिसतं का हो?

पाय धुता धुता ते सांगत राहिले.